पाला घरी आला, पथ्य रानात राहिलं

वाशिंद स्टेशनाजवळ माझं औषधांचं दुकान आहे. लोकलने कल्याण-ठाण्याला कामाला जाणारी माणसं आणि आसपासच्या पाड्यांवरून बाजाराला येणारी माणसं एकाच काउंटरसमोर उभी राहतात. एकाच्या बॅगेत ऑनलाइन मागवलेली अश्वगंधाची बाटली असते, दुसऱ्याच्या फडक्यात कसल्याशा सालीचे तुकडे. विचारतात मात्र दोघंही एकच: "ताई, हे घेतलं तर चालेल ना? झाडाचंच आहे." मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही, फार्मसी शिकलेली बाई आहे. झाडपाल्यावर माझा विश्वास आहे आणि तो वर्षागणिक वाढत गेला आहे. त्या विश्वासापोटीच काही गोष्टी उमगत गेल्या, त्या इथे मांडते.

१. झाडपाल्यात किती बळ असतं, हे मला आधी पुस्तकातून कळलं. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे झोप यावी म्हणून, बिथरलेल्या माणसाला शांत करावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दिली जायची. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपला अनुभव छापला. जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये तिच्यातलं रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि रक्तदाबावरच्या सुरुवातीच्या चांगल्या औषधांत ते जाऊन बसलं. मग दुसरी बाजूही दिसू लागली. काही रुग्ण खिन्न झाले, काहींची नाडी मंदावली, काहींचं नाक सतत चोंदू लागलं. हा प्रवास वाचल्यापासून "याला साइड इफेक्ट अजिबात नाही" हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. शरीरात खरोखर काही घडवून आणणारी वस्तू नको तेही घडवू शकते. मुळीचा मान राखायचा तर तिच्या दोन्ही बाजू मान्य कराव्या लागतात.

२. रानाला सर्वांत जास्त जपून वागवतात ती रानातलीच माणसं, हे मात्र मला पुस्तकाने नाही, स्टेशनाबाहेर बसणाऱ्या मावशींनी शिकवलं. मे संपता संपता, पहिल्या सरींच्या सुमारास शेवळ्याच्या जुड्या येतात. शेवळं ही रानभाजी खाजरी. नीट न करता खाल्ली तर घसा असा धरतो की पाणीही गिळवत नाही. मावशी जुडी हातात घेतात, वरचं आवरण सोलून दाखवतात, आतला पिवळा भाग नखाने खुडून बाजूला टाकतात आणि उरलेलं बारीक चिरायचं म्हणून सांगतात. शेजारी हिरव्या, आंबट काकडांचा वाटा लावलेला असतो. काकडं ठेचून त्यांचा रस भाजीत घातला की खाज मोडते. एकदा एक नवखी मुलगी नुसती जुडी मागत होती. मावशींनी तिला जुडी दिलीच नाही. "काकडं घेशील तर देते. नाही तर तुझा घसा धरंल आन्‌ नाव माझं खराब होईल." वाटाभर काकडांचे पैसे मिळावेत म्हणून त्या अडून बसल्या नव्हत्या. माल नीट वापरला जाईल याची खात्री झाल्याशिवाय त्यांना तो हातातून सोडवत नव्हता.

कडू करांद्याचंही तेच. कंदाच्या चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायच्या, तेव्हा कुठे तो पोटात घालायचा. त्या कंदात यकृताला त्रास देणारी द्रव्यं असतात, हे आता प्रयोगशाळा सांगतात. कातकरी आणि ठाकर आदिवासी बायका ते न शिकताच जाणून होत्या. आपण शहराकडची माणसं रानातली वस्तू नावाने विकत घेतो. ती कधी खुडायची, कशी धुवायची, कुणाला द्यायची नाही, हे सगळं तिच्याबरोबर येत नाही. माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला इथे दिसतं.

३. चांगला वैदू देतो कमी आणि विचारतो जास्त. मुरबाडकडचे एक ठाकर वैदू माझ्याकडे दर महिन्याला स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मला नवल वाटलं होतं. ते म्हणाले, "माझ्याकडे याच्यावर पाला हाय, पण तो रोज मोजून कसा देऊ? तुमची गोळी मोजलेली हाय." मग चिठ्ठी पुढे करून विचारलं, हिच्यावर पथ्य काय. त्यांच्याकडे बाईमाणूस आलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "दिवस गेलेत का?" दुसरा, "अंगावर पिणारं लेकरू हाय का?" तिसरा, "आधीचं कुणाचं औषध चालू हाय?" सोनामुखीसारखं रेचक असो की गर्भाशयावर काम करणारी एखादी मुळी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं की ते हात आखडता घेतात आणि सरकारी दवाखान्यात पाठवतात. आणि जे देतील त्याची मुदत सांगतात: इतके दिवस घे, मग थांब, मग येऊन दाखव. पोटात जाणारी कोणतीही गोष्ट आयुष्यभर रोज घ्या, असं त्यांनी कुणाला सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. हे तीन प्रश्न न विचारता कुणी काही पोटात घ्यायला सांगत असेल, मग तो नातेवाईक असो, फोनवरचा व्हिडिओ असो की पांढरा कोट घातलेला माणूस असो, तर मला त्या औषधापेक्षा त्या माणसाचीच जास्त काळजी वाटते.

४. गुळवेलीने मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं. करोनाच्या दिवसांत तिचं नाव घराघरात पोहोचलं. आमच्या शहापूर तालुक्याला त्याचा फायदाही झाला. कातकरी तरुणांच्या गटाने वन धन योजनेतून गुळवेल गोळा करून, वाळवून, भुकटी करून विकायला घेतली आणि २०२१ मध्ये त्यांना मोठ्या औषध कंपन्यांकडून साडेतीनशे टनांची, दीड कोटी रुपयांहून जास्त रकमेची मागणी आली. ज्या समाजाच्या वाट्याला वीटभट्टीची उचल आणि स्थलांतर आलं, त्याच्या हाती गावातच पैसा यावा, याचा मला आजही आनंद आहे.

त्याच वर्षी मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही आहेत. २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून त्रेचाळीस रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात अनेकांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची चिन्हं होती. मंत्रालयाने पुन्हा सांगितलं की योग्य वेल, योग्य मात्रेत सुरक्षित आहे. हा वाद वाचताना माझ्या लक्षात आलं की दोन्ही बाजूंचं म्हणणं एका ठिकाणी जुळतं: वेल कोणती, किती, किती दिवस आणि कुणाला, हे ठाऊक असल्याशिवाय ती घेऊ नये.

म्हणून मी वेल हातात घेऊन पाहायला शिकले. खऱ्या गुळवेलीची जून काडी घेतली तर वरची साल कागदासारखी पातळ असते आणि सहज सुटते. खाली नखाने खरवडलं की हिरवं लागतं. आडवी कापली तर आत चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. पानं हृदयाच्या आकाराची आणि गुळगुळीत, फळं गोल, लाल. दुसरी एक वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, तिची काडी करडी आणि बारीक गाठींनी खरखरीत असते, तिच्यातून दुधासारखा चीक येतो, फळं लांबट आणि नारिंगी. तिसरी, टिनोस्पोरा सायनेन्सिस, आपल्या सह्याद्रीतही वाढते. तिच्या पानांना खालून लव असते. ताजी वेल समोर असेल तर एवढं ओळखता येतं. भुकटी झाली की कुणालाच ओळखता येत नाही. तिथे प्रयोगशाळा लागते. वेल वर्षानुवर्षं तोडणारी कातकरी मुलं ती ओळखतात. बंगल्याच्या कुंपणावरची वेल तोडून, मिक्सरमधून काढून रोज सकाळी ग्लासभर पिणाऱ्यांनी ती कुणाला दाखवलेली नसते.

ज्यांना आधीच यकृताचा आजार आहे, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणारा थायरॉइडचा किंवा संधिवातासारखा आजार आहे, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, त्यांना मी स्पष्ट सांगते की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल नको. प्रतिकारशक्ती 'वाढवणं' प्रत्येकाच्या हिताचं असतं, हे गृहीत धरणंच मला धोक्याचं वाटतं. आणि बाकी कुणी घेत असताना लघवी गडद पिवळी झाली, भूक मेली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी थांबायचं आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्यायची.

५. कावीळ बहुतेकांची बरी होते, आणि श्रेय त्या वेळी जे काही चालू असेल त्याला जातं. पावसाळ्यात विहिरी-बोअरचं पाणी गढूळलं की आमच्याकडे कावीळ येते. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि ई या प्रकारची कावीळ धडधाकट माणसाला काही आठवड्यांत आपली आपण सोडून जाते. त्या आठवड्यांत कुणी भुईआवळा खातो, कुणी कुठल्या गावी जाऊन तीन रविवार पुडी घेतो, कुणी उतरवून घेतो. बरा झालेला माणूस मग दहा जणांना तिथे पाठवतो. त्याचा अनुभव खरा असतो, त्याला मी खोटं पाडत नाही.

मला भीती वाटते ती उरलेल्यांची. डोळे पिवळे होण्यामागे पित्ताशयाचा खडा असू शकतो, दारूने खराब झालेलं यकृत असू शकतं, हिपॅटायटिस बी असू शकतो. आमच्या भातखाचरांत चिखलात अनवाणी उभं राहून लावणी करणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, त्यातही डोळे पिवळे होतात, आणि तिथे वेळेवर अँटिबायोटिक मिळालं नाही तर मूत्रपिंडं जाऊ शकतात. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर तो जिवावर बेततो, शेवटच्या महिन्यांत तर फारच. बाहेरून सगळ्यांचे डोळे सारखेच पिवळे. म्हणून मी एवढंच म्हणते की आधी रक्त तपासा, कारण कळू द्या, मग पथ्यपाणी हवं तसं करा. आणि सुजलेल्या यकृताला अनोळखी पुडीचं ओझं देऊ नका. तिच्यात काय आहे तेही शेवटी यकृतालाच निस्तरायचं असतं.

६. आजीची मात्रा मोजलेली होती. बाळघुटी उगाळताना आजी सहाणेवर हिरड्याचे, मुरुडशेंगेचे, जायफळाचे वळसे मोजायची, आणि जायफळाचा वळसा बाकीच्यांपेक्षा कमी असायचा. बाळाच्या वयाप्रमाणे वळसे वाढत. आता घुटीचा तयार डबा येतो, वेळ नसतो, सगळं एकदम पूड करून चमच्याने दिलं जातं. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगतं आणि घरच्यांना वाटतं, किती शांत झोपलंय! घुटीत उगाळल्या जाणाऱ्या वेखंडातल्या बीटा-असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेने १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी केली आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, कारण मधातल्या काही जंतूंचे बीजाणू त्याच्या कोवळ्या आतड्यात रुजून बोट्युलिझम होऊ शकतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, हे आमच्या आशाताई घरोघर जाऊन सांगतात. मला ठाऊक आहे, सासूबाईंपुढे हे बोलणं सुनेला जड जातं. म्हणून कधी कधी सूनच सासूबाईंना घेऊन दुकानात येते आणि म्हणते, "ताई, तुम्हीच सांगा." मी सांगते. घुटीतलं प्रेम खरं आहे, ते तेल लावून आंघोळ घालण्यातही उतरतं.

७. काढा आणि गोळी पोटात गेल्यावर एकमेकांना भेटतात. मधुमेहाची गोळी चालू असताना कारल्याचा रस, मेथ्या, गुळवेल असं सगळं एकदम सुरू केलं की साखर खाली घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, शेतावर एकटं असलं तर माणूस पडतो. खोकल्यासाठी ज्येष्ठमध महिनोन्‌महिने चघळला तर रक्तदाब वाढतो आणि अंगातलं पोटॅशियम कमी होतं. लघवीची गोळी चालू असेल तर आणखीच. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन घेणाऱ्याने लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या तर रक्तस्राव होऊ शकतो. भाजीतला लसूण वेगळा आणि कॅप्सूलमधला अर्क वेगळा. ऑपरेशन ठरलं असेल तर अशा कॅप्सूल साधारण दोन आठवडे आधी बंद करायच्या असतात. इसबगोलासारखी निरुपद्रवी गोष्टही गोळीबरोबर घेतली तर गोळी नीट शोषली जात नाही. मध्ये दोन तासांचं अंतर ठेवायचं.

हे लोकांना समजावणं सोपं आहे. अवघड आहे ते त्यांनी डॉक्टरांना सांगणं. "डॉक्टर ओरडतील" असं म्हणून माणसं काढा लपवतात. मग साखर का घसरली, रक्तदाब का चढला, हे डॉक्टरांनाही कळत नाही आणि ते गोळी बदलत राहतात. यात मी रुग्णाला दोष देत नाही. झाडपाल्याचं नाव काढताच अंगावर येणारा डॉक्टर आपणच आपल्याकडे येणारी माहिती बंद करून घेतो. मी आता चिठ्ठीच्या मागे स्वतः लिहून देते: रोज सकाळी अमुक काढा, इतके दिवस. कागद पुढे केला की बोलावं लागत नाही.

८. जीभ हे फार जुनं आणि फार चांगलं यंत्र आहे. दुधी भोपळा कधी कधी कडू निघतो. त्या कडवटपणामागे कुकुर्बिटॅसिन नावाचं विष असतं. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला आणि त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमून सल्ला दिला: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका. आपल्या घरी बायका काकडीचं टोक कापून चाखतात ते याचसाठी. 'कडू म्हणजे गुणाचं' असं मानून नाक धरून पिणारे लोक जिभेने दिलेली सूचना मोडतात. रस पिऊन उलटी, पोटात कळ किंवा रक्त दिसलं तर सरळ दवाखान्यात.

९. नाव नसलेल्या पुडीला मी घाबरते. गुडघेदुखीवर आठवडे बाजारात मिळणारी पांढरट-तपकिरी भुकटी घेऊन एक आजोबा आले होते. दोन दिवसांत उतार पडला म्हणून ते फार खूश होते, आणि मला हीच गोष्ट खटकली. वनस्पतींनी गुडघा असा झटक्यात हलका होत नाही. अशा पुड्यांत पुष्कळदा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड किंवा तीव्र वेदनाशामक मिसळलेलं असतं. महिने गेले की चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, पोटात व्रण होतात. आणि पुडी एकदम बंद केली तर शरीर कोसळू शकतं, कारण आतलं नैसर्गिक स्टेरॉइड बनणं थांबलेलं असतं. म्हणून अशा माणसाला 'आजच फेकून द्या' असं सांगणंही चूक ठरतं. आधी डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. आजोबांना मी तसंच पाठवलं, पुडीसकट.

जड धातूंचा प्रश्न याला लागूनच आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदिक उत्पादनांपैकी चौदांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. धातूंचं भस्म ही रसशास्त्राची गोष्ट आहे, ती नीट शोधन-मारण करून, जाणत्या वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. अमेरिकेत राहणाऱ्या मुलांना सामानात अशा गोळ्या भरून पाठवणाऱ्या आईवडिलांना मी बिल आणि लेबल पाहायला लावते. पाकिटावर कारखान्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी हवी. पूरक आहार असेल तर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक हवा. मधुमेह किंवा कर्करोग बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच मना आहे, म्हणजे तसं छापणाऱ्याने पहिल्याच ओळीत कायदा मोडलेला असतो. त्याच्या पुढच्या ओळींवर विश्वास का ठेवायचा?

१०. आपल्या डोंगरात वाढणारी काही झाडं कायद्याने विषारी म्हणून नोंदवलेली आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांच्या ई-१ या अनुसूचीत बिब्बा आहे, कळलावी आहे, गुंज आहे, धोत्रा आहे. यांपासून केलेल्या पोटात घ्यायच्या औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं असा इशारा छापावाच लागतो. माहुली किल्ल्याच्या पायथ्याला पावसाळ्यात कळलावीची लाल-पिवळी फुलं काय सुंदर दिसतात! तिच्या कंदात कोल्चिसीन आहे. तेच द्रव्य फार थोड्या मात्रेत गाऊटच्या गोळीत असतं आणि जास्त झालं तर माणसाला मारतं. टाचेच्या भेगेवर बिब्बा चरचरून घेतलेले पाय मी पुष्कळ पाहिले आहेत, फोड येऊन चिघळलेले. वैद्य बिब्बा विटेच्या भुकटीत घोळवून शुद्ध करतात, मगच वापरतात. मधुमेह असलेल्याने तर पायाला बिब्बा लावूच नये. त्याला भाजल्याचं कळत नाही आणि जखम भरत नाही.

११. पूरक गोळ्यांचं वेड पाड्यापर्यंत आलं आहे, यावर फार लिहीत नाही, एकच सांगते. व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, तीही डॉक्टरांनी सांगितलेले आठवडेच. ती रोज घेणारी माणसं मला भेटली आहेत. काही आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता आणि मूत्रपिंडाचा त्रास होऊ शकतो. मी आता पाकिटावर जाड पेनाने वार लिहून देते: रविवार.

१२. काही वेळा अशा असतात की झाडपाल्याला तास-दोन तासही द्यायचे नाहीत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही. सकाळी पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं. घोणस, नाग, फुरसं असलं तरी रस्ता एकच, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचं जिथे प्रतिविष आहे ते. चावलेला भाग हलवायचा नाही, चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. विंचवाच्या दंशाने कोकणात मुलं दगावत असत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी देऊन त्यांना वाचवण्याचा मार्ग दाखवला. तीही मूल वेळेत दवाखान्यात पोहोचलं तरच उपयोगी. आमच्याकडचे शहाणे भगत आता आधी गाडी बोलावतात आणि मग नारळ फोडतात. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

१३. त्रास झाला तर तो नोंदवायचा असतो, हे फार कमी जणांना ठाऊक आहे. भारतीय औषधकोश आयोगाचा मोफत क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४. औषधाचा विपरीत परिणाम तिथे कुणीही कळवू शकतं, त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. आयुर्वेदिक, युनानी आणि होमिओपॅथिक औषधांसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी व्यवस्था आहे, तिचं मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. गुळवेलीच्या वादात वेल कोणती होती हाच प्रश्न कळीचा ठरला. म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगते: उरलेली पुडी, काडी, साल, रिकामी बाटली, जे असेल ते पिशवीत बांधून, वर तारीख आणि कुठून घेतलं ते लिहून ठेवा, आणि दवाखान्यात जाताना बरोबर न्या.